बाकावरचे मुळे

दगडावर आपलं नाव कोरलं जावं अशी आमच्या घराण्यात कोणाचीही इच्छा नव्हती. इच्छा नसताना ते कोरलं गेलं, आणि तेही असं, की वाचून माझ्या डोक्यात तिडीक गेली.

हैदराबादेत गौलीगुड्यातल्या आमच्या जुन्या गल्लीच्या टोकाला चर्च आहे. त्याच्या आवारात चिंचेखाली आता एक बाक बसवलाय. काळ्या ग्रॅनाइटचा, इतका गुळगुळीत घासलेला, की माझ्यासारखी शहाऐंशी वर्षांची बाई त्यावर टेकली तर घसरून थेट समोरच्या कबरींपर्यंत पोचेल. पाठीवर सोनेरी अक्षरं, वर इंग्रजी, खाली तेलुगू. संस्थान भारतात आलं त्या अवघड दिवसांत ज्या कुटुंबांनी या आवारात एकमेकांना सांभाळलं त्यांच्या स्मरणार्थ, वगैरे. मग सात नावं. सहा बरोबर. सातवं, ‘द मूली फॅमिली’.

मूली. म्हणजे मुळा. जो किसून, दही घालून आपण कोशिंबीर करतो, तो.

“आत्या, टेक्निकली बरोबरच आहे ना?” सुनंदा म्हणाली. ही माझ्या भावाची मुलगी, हिमायतनगरला असते. तिनंच बाकाच्या उद्घाटनासाठी मला सकाळपासून फोन करकरून कुकटपल्लीहून इथपर्यंत आणलं होतं. मराठी भरभर बोलते, पण वाचायला दिलं की जोडाक्षरापाशी ठेचकाळते. “मुळा एक, मुळे अनेक. प्लुरल आहे आपलं.”

“तुझं लग्न झालं तेव्हा पत्रिकेवर मूली छापलं असतं तर चाललं असतं?”

मी काठी टेकत बाकाला एक फेरी मारली. मागच्या बाजूला काही आहे का ते पाहिलं. काही नव्हतं. चिंचेची वाळकी पानं तेवढी दगडावर पडली होती, आणि त्या पानांचा तो आंबट, धुळकट वास. वासानं माणसाची फार पंचाईत होते. रागवलेली असते मी, आणि नाक मला विचारल्याशिवाय भलतीकडेच घेऊन जातं.

चिगुर. चिंचेचा कोवळा पाला. चैत्र लागला की हीच चिंच तांबूस कोवळी व्हायची, आणि समोरच्या घरातली राबिया आणि मी फ्रॉकच्या ओच्यात भरभरून चिगुर न्यायचो. तिच्या घरी त्याचं सालन व्हायचं, आमच्या घरी वरण. पाद्रीबाबा काही म्हणायचे नाहीत. त्यांची शेळी मात्र आमच्यामागे धावायची, कारण तिच्या तोंडचा घास आम्ही काढून घेत होतो. गल्लीच्या एका टोकाला चर्चची घंटा, दुसऱ्या टोकाला मशीद आणि मधे हलवायाच्या कढईत झारा आपटल्याचा आवाज. त्या तिन्हींवरून आई वेळ ओळखायची. आमच्याकडचं घड्याळ बंद पडलेलं होतं आणि ते दुरुस्त करावं असं कोणाला कधी सुचलं नाही.

राबियाचे वडील मौलाचाचा जिल्दसाज होते. पुस्तकं, वह्या, कचेरीची मोठमोठी दफ्तरं बांधायचे. त्यांच्या खालच्या खोलीत शिरलं की आधी खळीचा वास यायचा. मैदा शिजवून केलेली खळ, तिला कीड लागू नये म्हणून त्यात मोरचूद. मग चामड्याचा वास, मग मेण लावलेल्या दोऱ्याचा. कोपऱ्यात लाकडी शिकंजा होता, त्यात दाबून ठेवलेली पुस्तकं. चाचा त्याचा दांडा फिरवायचे तेव्हा कुईंऽऽ असा आवाज यायचा. तो आवाज राबिया तोंडानं हुबेहूब काढायची आणि वर्गात मास्तर फळ्याकडे वळले की काढायची. मास्तर दरवेळी दाराचं बिजागर तपासायचे.

माझे वडील सरकारी कचेरीत अहलकार, म्हणजे कारकून. निजामाचं राज्य, सगळा कारभार उर्दूत, तेव्हा बाबांचा हात उर्दूतच चालायचा. मराठी ते बोलायचे, हिशोबापुरती मोडी लिहायचे, पण किराण्याची यादी करायची झाली तरी बोरू उजवीकडून डावीकडे निघायचा. आम्हीही शाळेत उर्दूच शिकलो. आता आमच्या घरात ते वाचता येणारी मी एकटी उरलेय.

तर या उर्दूत ‘मुळे’ लिहायची सोयच नाही. ळ नाही. लिहायचं म्हणजे म, व, ल आणि शेवटी य सारखं एक अक्षर. मग वाचणाऱ्याची मर्जी. कोणी मुळे वाचेल, कोणी मोले, आणि घाईतला माणूस हमखास मूली वाचणार. आमचा डाकिया कायमच घाईत. “मूलीसाब, चिठ्ठी!” असं गल्लीभर ओरडत यायचा. राबियानं ते नाव उचललं आणि मला दुसरं नाव उरलंच नाही. “ए मूली, आती क्या?” अशी तिची हाक खालून आली की आई कपाळाला हात लावायची.

आणखी गंमत म्हणजे ‘मौला’ लिहायला जवळजवळ तीच अक्षरं. त्यामुळे नांदेडहून आलेलं माझ्या काकांचं कार्ड चाचांकडे जायचं, आणि गुलबर्ग्याहून आलेलं त्यांच्या मेहुण्याचं कार्ड आमच्याकडे. संध्याकाळी बाबा कचेरीतून आले की पत्रांची अदलाबदल. चाचा आमच्या जिन्याखाली उभे राहून म्हणायचे, “मुळेसाब, आपके भाई की भैंस बियाई, मुबारक.” कार्ड उघडंच असायचं, वाचल्याशिवाय कळणार कसं ते कोणाचं? बाबा चिडायचे आणि मग त्यांच्या मेहुण्याच्या गुडघ्याची चौकशी करायचे. पत्राबरोबर आईचं मेतकूट खाली जायचं, वर यायची सुकवलेली बोरं नाहीतर चिगुर. शिजवलेलं काही आई घ्यायची नाही. राबियाच्या आईला, बीअम्मालाही ते माहीत होतं आणि तिनं त्याचं कधी वाईट वाटून घेतलं नाही. निदान दाखवलं तरी नाही.

“अम्मा, कुर्सी लाऊं?” माझ्या शेजारी चर्चच्या कमिटीचे सेक्रेटरी येऊन उभे होते. स्टीफन. पन्नाशीचे, घामाघूम, एका हातात हारांची पिशवी आणि दुसऱ्या हातात फोन. पाच वाजता बिशप येणार, बाकावरचं कापड... कापड! कापड बाकावर घालायचं राहिलं होतं म्हणूनच तर मी नावं वाचली.

“खुर्ची नको,” मी म्हटलं. “हे मूली कोण?”

“आपके घरवालेच अम्मा. मूली.”

“मुळे.”

“हौ, वोईच. इंग्लिश में ऐसा आता.”

सुनंदानं माझा दंड दाबला. मी दंड सोडवून घेतला. “आणि मौला कुठे आहेत? आठ कुटुंबं होती इथे. तुम्ही सातच लिहिलीत.”

स्टीफन हसले. कष्टानं केलेलं काम समजावून सांगायची संधी मिळाली की माणसं जशी हसतात तसं. “पुरानी वही में आठ लाईनां थे अम्मा. उर्दू पढनेवाले एक साब को बुलाके पढाये हम. मूली दो बार लिखा था. दोनों जगह पांच आदमी. डबल एंट्री. एक निकाल दिये.”

एवढ्या शांतपणे, घामेजल्या चेहऱ्यानं, कोणाचंही वाईट न चिंतता, पाच माणसं निकाल दिये.

“ती वही दाखवा.”

“अम्मा, अब कैसा? काच में रखे हैं, डिस्प्ले को. पाच बजे बिशप...”

“आत्ता साडेचार वाजलेत. वही दाखवा, नाहीतर मी या बाकावर झोपते आणि बिशप आले तरी उठत नाही.”

“आत्या, प्लीज,” सुनंदा म्हणाली. पण वही आली. स्टीफन बिचारे स्वतः आत जाऊन काचेखालून काढून घेऊन आले, हाताला रुमाल गुंडाळून.

वहीची बांधणी चाचांचीच. पाठीवर बकरीचं चामडं, कोपऱ्यांना त्रिकोणी तुकडे, आत संगमरवरी छापाचा कागद. उघडली आणि तो वास आला. पंचाहत्तर वर्षं झाली तरी खळीचा वास जात नाही, मोरचुदाची करामत. आणि पानावर बाबांचं अक्षर. माझे डोळे भरून आले आणि त्याचाही मला राग आला, कारण मला नीट वाचायचं होतं.

भाद्रपद होता. गणपती बसलेले होते. काय झालं, कुठून फौज आली, कोणी कोणाला काय कळवलं, हे सगळं पुस्तकांत आहे आणि ज्याला हवं त्यानं ते वाचावं. मला आठवतं ते एवढंच, की विमानं येणार अशी बातमी गल्लीत आली आणि कोणीतरी म्हणालं, चर्चवर बॉम्ब टाकणार नाहीत, वर क्रूस आहे. झालं. आठ बिऱ्हाडं गाठोडी घेऊन चर्चच्या आवारात. आईनं गणपती परातीत ठेवून, वरून साडीचा पदर टाकून आणला. पाद्रीबाबांनी परातीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि ज्या खोलीत मेणबत्त्यांची खोकी असत तिची किल्ली देऊन टाकली. आरती कुजबुजत व्हायची. टाळ्यासुद्धा दोन बोटांनी. राबिया दाराशी उभी राहून प्रसादाची वाट पाहायची आणि आरती लांबली की तो शिकंज्याचा आवाज काढायची.

पाच दिवस. वर्षभरातला सगळ्यात मजेचा काळ होता तो, सांगायला लाज वाटते. तीन दगडांच्या आठ चुली, आठ प्रकारचा धूर. बाकांवर अंथरुणं. अंगाला टोचणाऱ्या काथ्याच्या चटयांचा वास, मेणाचा वास, कोणाच्या तरी लोणच्याची फुटलेली बरणी. रात्रीचा दिवा बंद, तेव्हा जेवणं उजेडात उरकायची. मोठी माणसं हळू बोलायची, त्यामुळे आम्हाला पहिल्यांदाच मोठ्यानं बोलल्यासारखं वाटायचं. पाद्रीबाबांनी बाबांना सांगितलं, कोण कोण आहे लिहून ठेवा, धान्य वाटायला सोपं जाईल. बाबांनी चाचांनी बांधलेली ही वही घेतली आणि त्यांच्या सवयीच्या लिपीत आठ ओळी लिहिल्या. सातवे आम्ही, माणसं पाच. आठवे मौला, माणसं पाच.

मग रेडिओवर सांगितलं, सगळं संपलं. बिऱ्हाडं घरी गेली. आईचे गणपती शेवटी घरच्या बादलीतच बोळवले, नदीपर्यंत जायची कोणाची छाती नव्हती.

मौलाचाचा घरी गेले नाहीत. त्यांनी आवारातच राहायचं ठरवलं, आणि का, ते मला कोणी सांगितलं नाही. त्याआधीच्या उन्हाळ्यात भीती एका बाजूनं, आमच्यासारख्या हिंदू घरांवर येत होती, तेव्हा चाचांनी आपली ‘मौला जिल्दसाज’ची पाटी काढून आमच्या दारावर ठोकली होती. दोन महिने ती आमच्या दारावर होती आणि कोणी दार वाजवलं नाही. आता भीतीनं बाजू बदलली एवढं मला कळलं. बाबा आईला म्हणाले, “आपणही तिथेच राहू काही दिवस.” आईनं पुन्हा गाठोडं बांधलं. एवढीच चर्चा झाली आमच्या घरात.

परत आवारात आल्यावर एका सकाळी मी मेणबत्त्यांच्या खोलीत होते म्हणून मला दिसलं. बाबा वही उघडून बसले होते, काहीही न करता. चाचा समोर. बाबा म्हणाले, “नवं पान लिहितो. हे फाडून टाकू.”

“पन्ना फाडे तो शक आता साब,” चाचा म्हणाले. “सिलाई में दिखता. लाओ, मेरेकू दो. कागज का काम मेरा है.”

उर्दूत मौला लिहिताना शेवटच्या अक्षराच्या डोक्यावर एक इवली उभी रेघ देतात. तांदळाच्या कणीएवढी. ती असली तर मौला. ती नसली तर त्याच अक्षरांचा मुळे होतो, मोले होतो, मूली होते. चाचांनी चामडं तासायची पातळ सुरी काढली, पान मांडीवर घेतलं आणि आपल्या नावावरची ती रेघ खरवडून काढली. घाई नाही. हात हलला नाही. मग खिशातून घोटायची कवडी काढून त्या जागेवर घासली, कागद पुन्हा सपाट झाला. आणि शेवटी कागदाचा भुसा उडवायला हलकीशी फुंकर मारली. बाबा भिंतीकडे बघत होते.

मुसलमान घरं शोधत फिरणारी माणसं त्याच दुपारी आली. दहाएक असतील. फाटकाशी बाबा आणि पाद्रीबाबा. आत कोण आहे, नावं सांगा. बाबांनी वही पुढे केली. त्यांच्यातल्या एकाला उर्दू येत होतं, त्या काळी कोणाला येत नव्हतं? तो बोट ठेवून वाचत गेला. सातव्या ओळीपाशी थांबला, आठव्यापाशी पुन्हा थांबला.

“हे दोनदा का?”

“माझा भाऊ आहे,” बाबा म्हणाले. “चूल वेगळी आहे आमची.”

तो माणूस पुन्हा वाचू लागला. “मूली... मूली.” आणि एकाएकी त्याला हसू फुटलं. “अरे, मूली! दो-दो मूली!” मागचेही हसले. कोणीतरी भाजीवाल्यासारखी हाळी दिली. हसत हसतच ते निघून गेले. ज्या नावापायी मी शाळेत दरवर्षी रडले, त्या नावावर हसून ती माणसं फाटकापासून परत फिरली.

ते पुन्हा येतील म्हणून मग बरेच दिवस चाचांचं सगळं घर मुळे होतं. चाचा धोतर नेसले. बीअम्मानं कुंकू लावलं. राबियाची झाली राधा. आई रोज तिच्या कपाळावर बोट टेकवायची आणि ती रोज ओढणीनं पुसायची, पुसताना ते भुवईपर्यंत फराटायचं, मग आई पुन्हा लावायची.

चिंचेखाली, आता जिथे बाक आहे तिथेच, राबिया एकदा मला म्हणाली, “मैं मूली नक्को बनती. तू है मूली.”

“आता तूपण,” मी म्हटलं. मला खूप आनंद झाला होता. चार वर्षं तिनं मला ते नाव चिकटवलं होतं.

“कब तक?”

मला माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नव्हतं. मी म्हटलं, “हमेशा. कायमची. मरेपर्यंत मूली.”

तिनं मला मारलं नाही, चिमटा काढला नाही. एरवी दोन्ही केलं असतं. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली, कपाळावर तो लाल फराटा, आणि मग उठून बीअम्मापाशी गेली. दहा वर्षांची होते मी. दहा वर्षांच्या मुलीला सगळं माफ असतं असं लोक म्हणतात. मी स्वतःला ते कधी माफ केलं नाही, आणि करायचं कसं ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

पुढल्या महिन्यात ते गुलबर्ग्याकडे गेले. भर दुपारी दोन टांगे आले. एकावर शिकंजा चढवला, तो एवढा जड की घोडा मागे सरकला. बीअम्मा आईच्या गळ्यात पडली. चाचांनी बाबांचा हात बराच वेळ धरून ठेवला. राबिया टांग्यात पुढे तोंड करून बसली होती. तिनं मला हाक मारली नाही. मूली म्हणूनही नाही.

त्यानंतर आमच्याकडे चुकीचं पत्र कधी आलं नाही. जे यायचं ते आमचंच असायचं. बाबा तरीही प्रत्येक कार्ड उलटसुलट करून पाहायचे, मग खुंटीला टोपी अडकवायचे. शाळेतून उर्दू गेलं. कचेरीतून गेलं. सगळ्या महकम्यात, म्हणजे खात्यात, ज्यांचं अक्षर दाखवायला नेत, ते बाबा चाळिशीत इंग्रजी टाइपरायटरवर एकेक बोट शोधत बसायला लागले. मग संस्थानाचे तीन तुकडे झाले, नांदेडचे काका तिकडे गेले, आम्ही इथेच राहिलो आणि आमचं हैदराबाद आमच्या पायाखालून आंध्रात गेलं. चाचांच्या खालच्या खोलीत एक सायकलवाला आला. रबराच्या सोल्यूशनचा वास यायला लागला.

“अम्मा?” स्टीफन म्हणाले. “देख लिये ना? डबल है.”

मी आठव्या ओळीवर बोट फिरवलं. कवडीनं कितीही घोटलं तरी खरवडलेला कागद बोटाला कळतो. तिथे तो मऊ होता. “हे पान उन्हासमोर धरा.”

“अम्मा, पुराना कागज है...”

“धरा.”

त्यांनी धरलं. पश्चिमेचं ऊन पानातून आलं. सगळं पान पिवळट, आणि शेवटच्या ओळीत त्या एका अक्षराच्या डोक्यावर पांढरा, पातळ ठिपका. तांदळाच्या कणीएवढा. कागद तेवढ्यापुरता जवळजवळ संपलेला. सुनंदा वाकून बघू लागली. मी त्यांना सांगितलं. वहीतलं सगळं, फाटकाशी घडलेलं सगळं. राबियाला मी काय म्हटलं तेही. ते मी सुनंदाच्या बापालाही कधी सांगितलं नव्हतं.

स्टीफननी पान अलगद खाली घेतलं. “अय्यो,” ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजातली घाई गेली. “अय्यो अम्मा. जान बचाने के वास्ते खुद मिटा लिये, और हम उसकोच देखके...” त्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

“आता काय करणार?”

“पत्थर तो कट गया अम्मा. लेकिन नीचे जगह है. आठवीं लाईन डाल देते. मैं परसों करा देता, पक्का.”

परसों. हैदराबादी माणसाचा परसों मला कोणी शिकवायची गरज नाही. या गावात परसों म्हणजे परवाचा दिवस असतो, गेल्या वर्षीची दिवाळी असते, आणि निजामाची स्वारी निघाली होती तोही दिवस असतो. हा माणूस चांगला आहे. हा विसरणार नाही. पण बिशप येतील, नाताळ येईल, कमिटी बदलेल, दगडवाला गावी जाईल. आणि माझं वय आहे शहाऐंशी. परसोंवर ठेवायला माझ्याकडे फारसं काही उरलेलं नाही.

“आणि आपलं नाव, आत्या?” सुनंदा हळूच म्हणाली. “ते तरी आज नीट करायला सांग ना. मूली काय!”

“राहू दे मूली.”

“अगं पण मघाशी तूच...”

“मघाशी मी चिडले होते. आत्ताही चिडलेली आहे. आपलं राहू दे तसंच.”

फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला. खुर्च्यांवर जमलेले लोक उठून उभे राहिले. कोणीतरी धावत येऊन बाकावर पांढरं कापड टाकलं. स्टीफन वही घ्यायला वाकले. मी ती छातीशी धरली आणि म्हटलं, “पेन द्या.”

त्यांना वाटलं पाहुण्यांच्या वहीत सही करायची असेल. त्यांनी खिशातलं पेन काढून दिलं. मी कबरीच्या कट्ट्यावर टेकले, पान गुडघ्यावर पसरलं.

“अम्मा! अम्मा, नक्को! वो रेकॉर्ड है!”

“रेकॉर्डच दुरुस्त करतेय.”

“आत्या, लोक बघताहेत!”

बघू देत. मी त्या पांढऱ्या ठिपक्यावर टोक टेकवलं आणि वरून खाली एक रेघ ओढली. खरवडलेला कागद शाई पिऊन घेतो, त्यामुळे ती बाबांच्यापेक्षा जाड आली आणि कडेनं थोडी पसरलीही. पण रेघ होती. कोणीही वाचावं अशी होती. मी मोठ्यानं वाचलं, “मौला. माणसं पाच.” समोरच्या रांगेतल्या बायकांनी माना वळवल्या. बिशप दोन पावलांवर येऊन थांबले होते, आणि स्टीफन हार हातात घेऊन माझ्या आणि त्यांच्या मधे उभे होते, कोणाच्या गळ्यात घालावा ते न कळून.

शाई वाळेपर्यंत मी कोणाला वही मिटू दिली नाही.